आधी दहा डेटाशीट टेबलावर मांडा

प्रश्न : आमची साठेक माणसांची कंपनी आहे, औद्योगिक व्हॉल्व्ह बनवतो. वेबसाईट ज्यांनी करून दिली होती त्यांनी स्वतःचीच एक यंत्रणा वापरली होती आणि आता त्यांनी कामच बंद केलंय. साईट चालू आहे, पण त्यातली एक ओळ बदलता येत नाही. नवी साईट ओपन सोर्स सीएमएसवर (म्हणजे साईटचा मजकूर भरायच्या-बदलायच्या, कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरवर) करायची असं ठरलं आणि 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी मूळची खरेदी विभागातली. तीन कोटेशन आली आहेत. एक जण वर्डप्रेस म्हणतो, दुसरा ड्रुपल. तिसरा म्हणतो ही दोन्ही जुनी झाली, स्ट्रॅपीवर हेडलेस साईट करा. सुमारे ७०० उत्पादनांची डेटाशीट (तांत्रिक माहितीची पत्रकं) आहेत, दोन भाषांत, त्यातली एक मराठी. क्वालिटीच्या इंजिनिअरनी तपासल्याशिवाय एकही आकडा बाहेर जायला नको. साईटमध्ये रोज काम करणारे तिघं आहोत, प्रोग्रॅमिंग कुणालाच येत नाही. साहेब विचारतात, 'सॉफ्टवेअर फुकट आहे तर कोटेशन एवढं कसं?' शिवाय कोड सगळ्या जगाला दिसतो म्हटल्यावर कुणीही साईट फोडेल, अशी त्यांना धास्ती आहे. कुठलं घ्यावं?
ता. क. विकलेल्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या पट्टीवर क्यूआर कोड आहे, तो साईटवरच्या डेटाशीटकडे नेतो. ते नव्या साईटवरही चालेल ना?

उत्तर : निकाल आधी सांगते, कारणं मागाहून. तुमच्या कामाला ड्रुपल योग्य आहे, पण एका अटीवर. पुढची देखभाल कोण करणार हे करारात लिहून मिळालं पाहिजे, आणि उद्या त्यांनी हात वर केले तर ते काम उचलू शकेल असा दुसरा कुणीतरी आजच तुमच्या माहितीत असला पाहिजे. ही अट पुरी होत नसेल तर वर्डप्रेस घ्या, मात्र पुढे सांगते त्या बंधनांत राहून. तिसरं कोटेशन आभार मानून परत करा. आणि तुम्ही ता. क. म्हणून जे लिहिलंय ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. त्याकडे शेवटी येते.

साहेबांचा प्रश्न रास्त आहे, त्याला नीट उत्तर द्या. वर्डप्रेस आणि ड्रुपल दोन्ही जीपीएल परवान्याखाली येतात. या परवान्यानं तुम्हाला हक्क मिळतात : सॉफ्टवेअर धंद्यासाठी वापरा, हव्या तितक्या सर्व्हरवर बसवा, कोड वाचा, बदला, कुणाकडूनही बदलून घ्या. वर्षाकाठी परवान्याची फी नाही. साईट तुमच्यासाठीच चालवायची असेल तर केलेले बदल जाहीर करायचंही बंधन नाही. तो कोड तुम्ही दुसऱ्या कुणाला दिलात तरच त्यालाही तेच हक्क द्यावे लागतात. तुमचा मजकूर, ड्रॉइंग, फोटो यांचा या परवान्याशी काही संबंध नाही, ते तुमचेच.

हे हक्क किती मोलाचे आहेत ते तुम्हाला तरी वेगळं सांगायला नको. जुन्या व्हेंडरनं दुकान बंद केलं आणि तुम्ही अडकलात, कारण दुसरा माणूस बोलावला तरी त्याच्या हातात द्यायला काही नाही. वर्डप्रेसचा जन्म नेमका अशाच प्रसंगातून झाला. बी२ नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर होतं. त्याच्या मूळ कर्त्यानं त्यावर काम करणं थांबवलं, पण कोड जीपीएलखाली होता. म्हणून ते वापरणाऱ्या मॅट मुलेनवेग आणि माईक लिटल यांनी तो कोड घेऊन पुढे काम सुरू केलं आणि मे २००३ मध्ये वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. जूमला या आणखी एका सीएमएसचंही तसंच. २००५ साली माम्बो नावाच्या सीएमएसवर काम करणाऱ्या मंडळींचं कारभारावरून बिनसलं, ते बाहेर पडले आणि तोच कोड पुढे जूमला म्हणून वाढला. करणारा गेला तरी काम मरत नाही, ही ओपन सोर्सची खरी कमाई. साहेबांना हे दोन दाखले द्या. त्यांना परवान्यातल्या कलमांपेक्षा ते लवकर पटतील.

कोटेशनमधले पैसे जातात माणसांच्या कामाला : मांडणी, सर्व्हर, दर महिन्याचे अपडेट आणि जुना मजकूर नव्या साईटवर आणणं. ही शेवटची ओळ तिन्ही कोटेशनमध्ये शोधा. बहुतेक ठिकाणी ती 'कंटेंट मायग्रेशन' एवढीच असेल, किंवा नसेलच. हिशेब करून बघा. ७०० उत्पादनं, दोन भाषा, म्हणजे १४०० पानं. पानामागे दहा मिनिटं धरली तरी २३३ तास होतात. एकच माणूस दिवसाचे आठही तास तेवढंच करत बसला तर २९ दिवस लागतील. हे काम व्हेंडर स्क्रिप्ट लिहून करणार की तुमच्या तिघांच्या बोकांडी बसणार, हे आजच विचारा. अशी कामं रेंगाळतात ती इथंच. साईट 'जवळजवळ तयार' होऊन सहा महिने पडून राहते, कारण मजकूर कुणी भरायचा ते ठरलेलंच नसतं.

आता मुख्य गोष्ट. सीएमएसची नावं थोडा वेळ बाजूला ठेवा. दहा डेटाशीटच्या छापील प्रती काढा. सोप्या नकोत, ज्यात तळटिपा आहेत, दोन तक्ते आहेत, 'मागणीनुसार' असं लिहिलेलं आहे अशा काढा. त्या टेबलावर मांडा, पेन्सिल घ्या आणि प्रत्येक शीटवरच्या एकेका गोष्टीभोवती चौकट काढत जा. उत्पादनाचा कोड. साईज. दाबाचं रेटिंग. बॉडीचं मटेरियल. सीटचं मटेरियल. जोडणीचा प्रकार. तापमानाची मर्यादा. सर्टिफिकेट. ड्रॉइंगची पीडीएफ. दहाही शीट झाल्या की दिसेल की पंधरा-वीस चौकटी सगळीकडे तशाच येतात आणि तीन-चार फक्त काही उत्पादनांना लागू आहेत. हा तुमच्या मजकुराचा साचा. सीएमएस निवडायचा तो या साच्यासाठी.

त्या चौकटी वेगवेगळ्या का ठेवायच्या? समजा व्हेंडरनं प्रत्येक डेटाशीट एक पान म्हणून बनवली आणि आत एक तक्ता चिकटवला. दिसायला छान दिसेल. वर्षभरानं विक्रीवाले म्हणतील, 'स्टेनलेस स्टील बॉडीचे, ५० मिलिमीटरच्या वरचे सगळे एकत्र दाखवा.' दाखवता येणार नाहीत, कारण सॉफ्टवेअरच्या लेखी तो नुसता मजकूर आहे, त्यातलं ५० ही साईज आहे हे त्याला माहीतच नाही. एखादं सर्टिफिकेट बदललं तर दोनशे पानं उघडून दोनशे वेळा बदलावं लागेल. साईज हा वेगळा रकाना असेल, सर्टिफिकेट ही वेगळी नोंद असून उत्पादनाला जोडलेली असेल, तर बदल एकाच ठिकाणी होतो.

ड्रुपलचा पिंडच हा आहे. मजकुराचा प्रकार ठरवा, त्याला रकाने जोडा, त्या रकान्यांवरून याद्या आणि गाळण्या (फिल्टर) बनवा : हे सगळं मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. वर्डप्रेसमध्येही असा साचा बनवता येतो, सहसा प्लगइनच्या (वरून जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरच्या) मदतीनं. तिथे जादा रकान्यांची प्रत्येक किंमत एका सामाईक तक्त्यात एकाखाली एक ओळ म्हणून साठते. नोंदी फार वाढल्या आणि एकाच वेळी चार-पाच गाळण्या लावल्या की शोध जड होतो. ७०० उत्पादनांना मात्र ते अजिबात जड नाही. ड्रुपलवाले हा मुद्दा फुगवून सांगतील, तेवढ्यानं घाबरू नका.

माझं मत ड्रुपलकडे झुकतं ते तुमच्या इंजिनिअरमुळे. एक प्रसंग सांगते. अशाच एका कारखानदारांकडे वर्डप्रेसची चाचणी चालली होती आणि मी क्वालिटीच्या गृहस्थांच्या शेजारी बसले होते. त्यांनी एका उत्पादनाचं पान उघडलं, दाबाचा आकडा १६ चा १० केला, बटण दाबलं आणि वळून मला विचारलं, 'आता हे तपासायला कुणाकडे गेलं?' ते कुणाकडेच गेलं नव्हतं. थेट साईटवर लागलं होतं. चाचणीची साईट होती म्हणून निभावलं. वर्डप्रेसमध्ये मुळात पाच भूमिका आहेत. त्यातल्या 'काँट्रिब्यूटर'ला नवा मजकूर लिहून मंजुरीसाठी पाठवता येतो, पण एकदा प्रकाशित झालेल्या पानाला हात लावता येत नाही. ज्यांना हात लावता येतो त्यांचा बदल तत्क्षणी बाहेर जातो. प्रकाशित पान तसंच दिसत राहावं आणि त्याची सुधारित प्रत मंजुरीची वाट बघत थांबावी, ही सोय मूळ वर्डप्रेसमध्ये नाही, त्यासाठी प्लगइन लागतं. ड्रुपलमध्ये ती मुळातच आहे, फक्त चालू करायची. बातम्या, ब्लॉग, कंपनीची ओळख एवढंच असतं तर हा फरक गौण होता. तुमच्याकडे दाबाचा चुकीचा आकडा बाहेर गेला तर त्यावर विसंबून कुणीतरी व्हॉल्व्ह बसवणार आहे.

दोन भाषांचंही असंच. ड्रुपलमध्ये २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून भाषांतराची सोय मुळातच आहे आणि ती रकान्यापर्यंत जाते. नाव, वर्णन भाषांतर करा, दाबाचा आकडा दोन्ही भाषांना एकच ठेवा. आकडा एका भाषेत बदलला आणि दुसरीत राहिला, हा घोळ तिथंच संपतो. वर्डप्रेसमध्ये दुसरी भाषा पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएल अशा प्लगइनमधून येते. ती चांगली आहेत, पण तुमची अर्धी साईट त्या एका प्लगइनच्या भरवशावर राहते हे ध्यानात ठेवा. जूमलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी न्यायानं सांगते : अनेक भाषा, बारीक अधिकार आणि २०२१ च्या चौथ्या आवृत्तीपासून मंजुरीचे टप्पे, हे तिथेही मुळातच आहे. कुणी चांगला जूमलावाला भेटला तर त्याला दारातून परत पाठवू नका.

स्ट्रॅपी वाईट नाही. हेडलेस म्हणजे सीएमएस फक्त मजकूर साठवतो आणि मागितला की देतो. लोकांना दिसणारी साईट वेगळी, हातानं लिहावी लागते. एकच मजकूर मोबाईल ॲप, साईट, प्रदर्शनातली स्क्रीन अशा चार ठिकाणी जायचा असेल आणि घरचे डेव्हलपर असतील तर ही रचना उत्तम. तुमच्याकडे दोन्ही नाही. दोन वेगळ्या गोष्टी सांभाळायच्या, म्हणजे अपडेटही दोन आणि बिघडण्याच्या जागाही दोन. मुखपृष्ठावर एक नवी पट्टी टाकायची तरी डेव्हलपरला फोन. शिवाय या नव्या पिढीतल्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये गाभा मोकळा आणि मोठ्या कंपन्यांना लागणाऱ्या सोयी पैसे देऊन, अशी विभागणी असते. मंजुरीचे टप्पे कुठल्या बाजूला पडतात हे विचारल्याशिवाय सही करायची नाही. परवाने बदलतातही. डायरेक्टस हे याच प्रकारातलं सॉफ्टवेअर आधी जीपीएलखाली होतं, २०२३ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून ते वेगळ्या, मर्यादा घालणाऱ्या परवान्याखाली गेलं.

साहेबांच्या धास्तीकडे येते. कोड दिसतो म्हणून साईट फुटत नाही. ती फुटते दुरुस्ती उपलब्ध असूनही ती बसवली नाही म्हणून. ड्रुपलचाच दाखला घ्या. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी त्यांनी एक गंभीर त्रुटी जाहीर केली आणि दुरुस्तीही त्याच दिवशी दिली. दोनेक आठवड्यांनी त्यांच्याच सुरक्षा पथकानं सांगितलं की जाहीर झाल्यापासून सात तासांत दुरुस्ती बसवली नसेल तर आपली साईट फुटली आहे असंच धरून चाला. सात तास! रात्री जाहीर झालं आणि सकाळी निवांत उठून बघितलं, तर उशीर झाला. म्हणून देखभालीच्या करारात 'नियमित अपडेट' असले गुळमुळीत शब्द चालणार नाहीत. गंभीर त्रुटीची दुरुस्ती किती तासांत बसेल, तो आकडा लिहून घ्या. ड्रुपल आपल्या सुरक्षा सूचना सहसा बुधवारी काढतं, तेव्हा त्या दिवशी जागा राहणारा माणूस कोण, त्याचं नाव विचारा. वर्डप्रेस या बाबतीत सोयीचं आहे. ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून छोट्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसतात. तुमच्या जुन्या यंत्रणेचा कोड कुणालाच दिसत नाही, म्हणजे त्यातली भोकं बुजवणाराही कुणी नाही. आज धोका तिथे जास्त आहे.

वर्डप्रेसची खरी जोखीम गाभ्यात कमी आणि प्लगइनमध्ये जास्त. २०१४ च्या अखेरीला एका लोकप्रिय स्लायडर प्लगइनमधल्या त्रुटीतून हजारो साईटवर हल्ला झाला. त्यातल्या अनेक मालकांना ते प्लगइन आपल्याकडे आहे हेच ठाऊक नव्हतं, कारण ते विकत घेतलेल्या थीमच्या (साईटचं रूप ठरवणाऱ्या तयार संचाच्या) पोटात आलं होतं आणि त्याचे अपडेट त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. २०१७ मध्ये डिस्प्ले विजेट्स या प्लगइनची मालकी विकली गेली, नव्या मालकानं त्यात लोकांच्या साईटवर परस्पर जाहिराती घुसवणारा कोड टाकला आणि शेवटी ते अधिकृत यादीतून काढावं लागलं. म्हणून बंधनं म्हणाले ती अशी. एकूण प्लगइन डझनभराच्या आत. प्रत्येक प्लगइन कशासाठी आहे याची एक ओळ लिहिलेली. शेवटचं अपडेट कधी आलं ते बघितलेलं. आणि सगळं पोटात घेऊन येणारी जाडजूड थीम नको. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यातल्या वादात त्या कंपनीसाठी अधिकृत अपडेट सर्व्हरची वाट बंद केली गेली. डिसेंबरात कोर्टाच्या हुकमानं ती उघडली, पण मधल्या काळात तिच्या ग्राहकांची कुतरओढ झाली. एवढ्यासाठी वर्डप्रेस टाळायला मी सांगणार नाही. अपडेटची नाडी कुणाच्या हातात आहे, हे मात्र माहीत असलेलं बरं.

ड्रुपलचीही काळी बाजू सांगायला हवी, ती मी स्वतः भोगली आहे. ड्रुपल ७ वर चालणारी एका संस्थेची साईट मी बरीच वर्षं सांभाळली. ती आवृत्ती २०११ ची. पुढची आठवी आवृत्ती आली ती आतून इतकी बदललेली होती की सातवरून आठवर जाणं म्हणजे साईट जवळजवळ नव्यानं बांधणं. सातच्या समाप्तीची तारीख ठरली, मग पुढे गेली, मग आणखी पुढे. प्रत्येक मुदतवाढीला आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि काम पुढच्या वर्षावर लोटलं. अखेर ५ जानेवारी २०२५ ला तिचा आधार संपला. शेवटच्या काही महिन्यांत घाईघाईनं जे केलं त्याला आधीच्या वर्षांत निम्मी दमछाक झाली असती. आठनंतरचे टप्पे मात्र बरेच सोपे झाले आहेत, कारण आता जुन्या गोष्टी हळूहळू काढतात, एकदम तोडत नाहीत. तुम्ही सुरुवात करताना चालू असलेल्या सगळ्यात नव्या मुख्य आवृत्तीवरच करा. एखादा व्हेंडर 'आमची टीम आधीच्या आवृत्तीत तरबेज आहे' म्हणाला तर तो स्वतःच्या सोयीचं बोलतोय. जानेवारी २०२५ मध्ये 'ड्रुपल सीएमएस' नावानं एक तयार संच निघाला आहे, प्रोग्रॅमर नसलेल्यांना डोळ्यासमोर ठेवून. तोही दाखवायला सांगा.

आता चाचणी. त्या दहा शीट दोन्ही व्हेंडरना द्या आणि सांगा, याच घालून नमुना साईट करा, हवं तर त्याचे वेगळे पैसे घ्या. ते पैसे वाया जात नाहीत. मग एक दुपार काढा. तुम्ही तिघं आणि इंजिनिअर, चौघांनी आपापल्या मशीनवर बसायचं. व्हेंडरच्या माणसानं तोंड उघडायचं नाही. कामं खरी द्या : वर्डमधून एक तक्ता चिकटवा, एका उत्पादनाचा फोटो बदला, दाबाचा आकडा बदलून मंजुरीला पाठवा, चुकून पुसलेलं परत आणा. कोण कुठे थबकतं ते लिहून ठेवा. मी अशा दुपारींमध्ये बघितलंय की माणसं सोयी नसल्यामुळे अडत नाहीत, भीतीनं अडतात. बटण दाबलं आणि सगळं गेलं तर, या भीतीनं. मागची प्रत एका क्लिकवर परत येते हे एकदा स्वतःच्या हातानं करून बघितलं की खांदे सैल होतात. ड्रुपलचे मूळ फॉर्म अनोळखी माणसाला जरा रुक्ष आणि लांबलचक वाटतात. तिघांपैकी दोघं नेटानं प्रयत्न करूनही गोंधळले, तर माझा वर लिहिलेला निकाल बाजूला ठेवा आणि वर्डप्रेसवर मंजुरीचं प्लगइन बसवून घ्या. वापरायला नको वाटणारी साईट महिन्याभरात जुनी पडते, मग तिचा साचा कितीही नेटका असो.

करारात आणखी एक गोष्ट : डोमेन, होस्टिंगचं खातं, कोडची प्रत, सगळ्यात वरच्या अधिकाराचं लॉगिन, हे सगळं कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या ईमेलवर. व्हेंडरला लागेल तेवढा प्रवेश तुम्ही द्यायचा. मी काम केलेल्या एका ठिकाणी डोमेन व्हेंडरच्या खात्यावर होतं. नूतनीकरणाची नोटीस त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिली आणि एका सकाळी साईट तर गेलीच, ऑफिसातल्या सगळ्यांचे ईमेलही बंद झाले. बॅकअपचंही तसंच. 'बॅकअप रोज होतो' हे उत्तर पुरेसं नाही. तयार साईट ताब्यात घेण्यापूर्वी एकदा तुमच्यासमोर बॅकअपवरून रिकाम्या सर्व्हरवर साईट उभी करून दाखवायला सांगा, आणि नंतर वर्षातून दोनदा.

आता तुमचं ता. क. पट्टीवर छापलेला क्यूआर कोड म्हणजे साईटवरचा एक पत्ता. ती पट्टी आता कुठल्या तरी प्लँटमध्ये पाइपलाइनवर बसली आहे, ती तुम्ही बदलू शकत नाही. नव्या साईटवर पत्त्यांची रचना वेगळी असणार. तेव्हा प्रत्येक जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर कायमचं वळवावं लागेल. याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. ड्रुपल आणि वर्डप्रेस दोन्हींत त्याची सोय होते, थेट सर्व्हरवरही करता येते. कोटेशनमध्ये हे काम नाव घेऊन लिहिलेलं असू द्या. नवे पत्ते उत्पादनाच्या कोडवरून ठेवा, नावावरून नको, आणि मराठी पानांसाठीही कोडच वापरा. देवनागरीतलं 'क' हे एक चिन्ह पत्त्याच्या सांकेतिक रूपात ९ चिन्हांचं होतं. वर्डप्रेस पत्त्याच्या त्या तुकड्याला २०० चिन्हांची मर्यादा घालतं, म्हणजे जेमतेम २२ देवनागरी चिन्हं, तीही काना-मात्रा वेगळ्या मोजून. नाव मध्येच तुटतं, आणि इतका लांब पत्ता क्यूआरमध्ये घातला की तो इतका दाट होतो की छोट्या पट्टीवर नीट वाचला जात नाही.

डीलरांच्या लॉगिनचं वगैरे कुणी सुचवलं तर पहिल्या टप्प्यात घेऊ नका. आधी डेटाशीट उभ्या राहू द्यात.

कोटेशनवर निर्णय घ्यायला तुमच्याकडे वेळ आहे, पण या तीन गोष्टींना नाही. बंद झालेल्या व्हेंडरचा सर्व्हर कधीही थांबू शकतो. उद्याच डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते ते बघा. व्हेंडरच्या नावावर असेल तर त्याच्याशी संपर्क आहे तोवर कंपनीच्या नावावर करून घ्या, कारण डोमेन गेलं तर पट्ट्यांवरचे सगळे कोड गेले. जुन्या साईटवरच्या सगळ्या पीडीएफ उतरवून ठेवा. आणि पट्ट्या छापून घेता त्या माणसाकडे क्यूआर कोडची मूळ फाईल असेल, ती मागवा. आजवर छापलेल्या सगळ्या जुन्या पत्त्यांची पुरी यादी बहुधा तेवढ्या एकाच ठिकाणी सापडेल.